गोऱ्ह्याला दातवण कुणी लावलं?

गेल्या थंडीत आमच्या ह्यांचे उरलेसुरले दात काढून घ्यायला आम्ही औरंगाबादेला गेलो होतो. एकेकाळी ह्यांचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे होते. आता त्यातले पाचच राहिले होते आणि तेही पंचायतीला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे लांब लांब बसून माना हलवणारे. दाताचा डॉक्टर तरुण पोरगा होता. त्यानं पाचही काढून बशीत ठेवले, हात धुतले आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, मघाशी तुम्ही हसलात तेव्हा मला काहीतरी दिसलं. जरा तोंड उघडता का?"

मंडळी, माझं तोंड उघडायला आजवर कुणाला विनंती करावी लागलेली नाही. बंद करायला मात्र पुष्कळांनी केली आहे. मी उघडलं. त्यानं दिवा जवळ आणला, एका बारीक आकड्यानं एकेक दात टकटक वाजवून पाहिला आणि त्याचा चेहरा शिवरात्रीच्या जत्रेत आल्यासारखा उजळला. माझ्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा आहेत. मधूनमधून खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. रूप असं, पण किडलेला एकही नाही. मी आजही दातानं सुपारी फोडते.

"लहानपणी तुम्ही कुठलं पाणी प्यायलात?" त्यानं विचारलं.

मला इतकं हसू फुटलं की आकडा त्याच्या हातातून पडला. कारण हाच प्रश्न तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका बाईनं विचारला होता. तिच्याजवळ दिवा नव्हता, आकडा नव्हता, पदवी तर नव्हतीच. हाताला शेण मात्र होतं. डॉक्टरानं मला समजावून सांगितलं की काही ठिकाणी खोल खडकात एक क्षार असतो, फ्लोराइड म्हणतात त्याला. थोडासा पाण्यात उतरला तर दात टणक होतात, जास्त उतरला तर हिरडीच्या आत दात घडत असतानाच त्यावर डाग पडतात आणि त्याहून जास्त झाला तर हाडांत शिरतो. मोठी नवी बातमी दिल्यासारखं तो सांगत होता. मी डोळे मोठे करून ऐकलं. कुणाच्या आनंदावर विरजण घालू नये.

पण ती बातमी आमच्या घरात जुनी आहे, आणि तिच्यामुळंच माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

माझं माहेर घाटनांदूर आणि परळीच्या मधल्या माळावरचं एक छोटं गाव. राज्य निजामाचं. मी जन्मले त्याच्या आदल्या साली, मोठ्या दुष्काळात, सरकारनं गावाला विहीर खोदून दिली. त्याआधी सगळं गाव नदीच्या वाळूतल्या झिऱ्यांवर जगायचं. काळ्या पाषाणात सुरुंग लावून लावून विहीर इतकी खोल नेली, की खालून हाक मारली तर वर येईपर्यंत ती हाक म्हातारी व्हायची. पाणी लागलं त्या दिवशी तहसीलदार घोड्यावरून आले. त्यांनी उर्दूत भाषण केलं. गावाला अक्षर कळलं नाही, पण पाटील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, म्हणून गावानंही हलवली. असं आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे.

त्या विहिरीचं पाणी काय वर्णावं! हाताला लोण्यासारखं मऊ. त्यात तुरीची डाळ चुलीवर ठेवून बोलत बसावं, तर बोलणं संपायच्या आत शिजलेली. भर उन्हाळ्यात आजूबाजूची गावं कोरडी पडायची आणि आमच्या विहिरीत पारवे घुमत असायचे. दुपारी मी काठावर पालथी पडून खाली पाहायची. खाली एक छोटं गोल आभाळ असायचं, आपल्या आभाळापेक्षा थंड, आणि त्यात एक पोरगी माझ्याकडं वर पाहत असायची. मी हसले की ती हसायची. पण पाणी हिरवं, अंतर लांब. तिचे दात मला कधी दिसले नाहीत. पुष्कळ दिवस मला वाटायचं की खरी मी तीच, आणि वर पालथी पडलेली ही कुणीतरी दुसरीच आहे.

कारण वरच्या मुलीचे दात दिसायचे. माझ्याच नव्हे, माझ्या वयाच्या आणि माझ्यामागून आलेल्या सगळ्या पोरांचे. दुधाचे दात चांगले पांढरे यायचे. ते पडले, की नवे दात वर येतानाच रेघा घेऊन यायचे. थोरल्यांचे मात्र धड होते. माझी थोरली बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे दात जोंधळ्याच्या कोवळ्या दाण्यांसारखे होते. गावानं यावर खूप डोकं चालवलं. कुणी म्हणे विहिरीला नारळ कमी पडला. कुणी म्हणे आजकालच्या बाया पोरांना गूळ फार देतात. आमच्या शेजारचे एक आजोबा खात्रीनं सांगायचे की रयतेनं सरकारला चावू नये म्हणून वरूनच हुकूम आहे. पाण्यावर कुणाचा संशय गेला नाही. एवढ्या गोड पाण्यावर कसा जाणार?

मग आम्हा पोरांना एक सवय लागली. आम्ही ओठ मिटून हसायचो. बाहेरगावचा माणूस आला की सगळं गाव गालांतल्या गालांत हसतंय, असं दृश्य दिसायचं. लोक म्हणायचे, काय सभ्य गाव आहे!

मी चौदाची झाले. त्या काळात चौदा म्हणजे आईची झोप उडण्याचं वय. पाटोद्याकडून एक स्थळ आलं. घर शेतीचं, खाऊन-पिऊन बरं. मुलाचे वडील शिवरात्रीला परळीच्या जत्रेत बैल घ्यायला येणार होते आणि वाटेत पोरगीही बघणार होते. बरोबर त्यांची बहीण येणार होती. त्या घरात तिच्या शब्दाशिवाय चूल पेटत नाही, अशी खबर होती. आमच्या नातलगांनीही निरोप पाठवला, "बाकीचं राहू द्या. आत्याबाईला सांभाळा."

मायनं मला आठ दिवस सांभाळलं. राखुंडीनं दात घासले. कोळशानं घासले. लिंबानं घासले. विटेच्या भुकटीनं घासले. हिरड्यांतून रक्त आलं, पण रेघ हलली नाही. उलट आसपासचं चकाकायला लागलं आणि रेघा जास्तच उठून दिसू लागल्या. शेवटी मायनं विटेची भुकटी फेकून दिली आणि निराळी युक्ती काढली.

"हे बघ, तोंडाचा चंबू करून जेवढे शब्द निघतील तेवढेच बोलायचे. ओठ फाकले न्हाई पायजेत."

आता तुम्हीच करून बघा. चंबूतून निघणारे शब्द फार थोडे आहेत. मी दोन दिवस गोठ्यात बसून ते गोळा केले. हूं. गहू. लाडू. मामू. पुढं लग्नानंतर ह्यांनी मला पाटीवर अक्षरं शिकवली, तेव्हा पहिलं ओळखीचं वाटलं ते उकाराचं चिन्ह. मी म्हटलं, ह्याच्यावर तर मी एक दिवस काढलाय.

ते दुपारी आले. मुलाचे वडील शांत, उंच, कमी बोलणारे. आबांनी त्यांना आधी गोठ्यात नेलं, कारण आमच्याकडं एक गोऱ्हा होता, पांढराशुभ्र, देखणा, आणि तो विकायचा होता. सोयऱ्यांनी त्याची पाठ थोपटली, खूर पाहिले. मग "तोंड उघड बे" म्हणत त्याचा जबडा फाकवला. बैल घेताना दात बघतातच. दातांवरून वय कळतं. त्यांनी पाहिलं आणि जबडा मिटला.

"दोन दाती हाय खरा," ते म्हणाले. "पण दाताला कायतरी रोग दिसतोय. नगं."

आबांचा चेहरा उतरला. गोऱ्ह्यासाठी नाही. त्यांना पुढचं दिसलं.

इकडं ओसरीवर आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या. दणकट बाई. कपाळावर आडवं कुंकू, आणि तोंड उघडलं की अमावास्या. दातवण लावलेलं होतं ना! आताच्या मुलींना सांगायला हवं. दातवण म्हणजे दात काळे करायची पूड. आमच्याकडं लग्नात नवरीच्या दातांना पहिल्यांदा ते लागायचं, आणि मग कुंकवासारखंच सवाष्णपणाचं लेणं म्हणून रोज. कुमारिकेनं त्याला बोटही लावायचं नाही. काळे दात दिसले म्हणजे बाई लग्नाची, हे न बोलता कळायचं.

मी पाटावर बसले. मान खाली. ओठांचा चंबू तयार.

"सैपाक येतो का गं, पोरी?" आत्याबाईंनी विचारलं.

"हूं."

"काय काय करतीस?"

"लाडू."

"कशाचं?"

"गहू."

"आगं बया! कुणी शिकवलं?"

"मामू."

आत्याबाईंनी मायकडं पाहिलं. मायनं छपराकडं पाहिलं.

"मामू लाडू वळतोय व्हय तुमच्याकडं?" आत्याबाई म्हणाल्या. "वहिनी, ही पोरगी हाय का शंख हाय? फुंकल्यावानी बोलायलीय. दुसरं कायतरी बोल की बये. हूं तर आमची म्हईस बी म्हनती. आन ती तर दूध बी देती!"

मला नुसती म्हैस दिसली असती तर मी तग धरला असता. पण मला पाटावर बसलेली, कुंकू लावलेली, मान खाली घातलेली म्हैस दिसली. आणि मी हसले. चंबू फुटला, ओठ फाकले, बत्तीस नाहीत पण असतील तेवढे सगळे दात ओसरीवर सांडले.

मायनं डोळे मिटून घेतले.

आत्याबाई थट्टा करायच्या थांबल्या. बाजेवरून उठल्या, जवळ आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. अगदी मघाशी त्यांच्या भावानं गोऱ्ह्याचं वळवलं होतं तसं. अंगठ्यानं वरचा ओठ उचलला. बराच वेळ पाहिलं. मग हात काढून घेतला आणि गोठ्याकडून येणाऱ्या आपल्या भावाला त्या मोठ्यानं म्हणाल्या, "दादा, गाडी जुपा. ह्या पोरीला दातवण लागलेलं हाय. घासून काढायचा परयत्न केलाय, निघालं न्हाई. लगीन झालेली पोर गळ्यात बांधायलेत आपल्या."

एवढं बोलणं. पण ते ओसरीवर पडलं आणि घरातली हवाच गेली. लग्न झालेली पोर कुमारिका म्हणून दाखवली, ही बोलवा त्याच दिवशी परळीच्या जत्रेत पोचली असती. तिथं आमची सगळी सोयरीक जमणार होती. मग मला कुठल्याच गावात उंबरा मिळाला नसता. माझ्यामागं धाकटी बहीण होती, तिलाही नाही. आबा हात जोडून नुसते उभे होते. ते माणूस कधी खोटं बोललेलं नव्हतं, त्यामुळं खोटं न बोलल्याची शपथ कशी घ्यायची याची त्यांना सवय नव्हती.

आणि मी काय केलं? मी उठले. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर नवरीनं आपण होऊन उठायचं नसतं. मी उठले, आत्याबाईंचा हात धरला आणि त्यांना ओढत गोठ्यात नेलं. मागून माय "अगं, अगं" करत आली, आणि तिच्यामागं आबा आणि मुलाचे वडील. गोऱ्हा कडबा खात होता. त्याला मी वासरू होता तेव्हापासून ओळखत होते, त्यामुळं त्यानं माझ्यासाठी तोंड लगेच उघडलं. खालच्या जबड्यात पुढचे दोनच दात मोठे आलेले, बाकी दुधाचे, पांढरे, बारीक. आणि ते दोन मोठे दात आडव्या तपकिरी रेघांचे, मधे खडूचे ठिपके.

मी त्याच्या तोंडाशेजारी माझं तोंड नेलं आणि दोघांचेही दात दाखवले.

"आत्याबाई," मी म्हटलं, आणि आता चंबूची गरज नव्हती, "मला कुणी दातवण लावलं ते राहू द्या. ह्याला कुणी लावलं? ह्याचं लगीन कुठल्या गावात झालं, तेवढं सांगा. आमाला कुणी जेवायला बी बोलवलं न्हाई!"

गोऱ्ह्यानं जीभ बाहेर काढून आत्याबाईंचं मनगट चाटलं. बाहेर कुठंतरी मोट हाकणाऱ्याचं गाणं चाललं होतं. मग आधी मुलाच्या वडलांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, ढेकर दाबल्यासारखा. आणि मग आत्याबाई हसल्या. काय ते हसणं! काळंभोर तोंड उघडून, गव्हाणीला धरून, डोळ्यांतून पाणी काढत त्या हसल्या. शेणात हात टेकला त्याचंही भान नाही.

मला वाटलं, जिंकले.

पण हसू ओसरल्यावर मुलाचे वडील हळूच म्हणाले, "पोरीचं लगीन झालं न्हाई, पटलं. पण आक्का, मग ह्यो रोग हाय गावाला. मानसालाबी, जनावरालाबी. उद्या आपल्या नातवंडात उतरंल."

हे खरं. खोटेपणाचा डाग गेला आणि रोगाचा लागला. मायनं पदर तोंडाला लावला. मला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण याला माझ्याकडं गोऱ्हा नव्हता.

आत्याबाई गोऱ्ह्याकडं पाहत होत्या. त्यांनी आयुष्यभर जनावरं वाढवली होती. जनावर सांगत नाही, त्यामुळं त्याचं दुखणं त्याच्या खाण्यापिण्यातच शोधावं लागतं.

"ह्यो पानी कुठलं पितो?" त्यांनी मला विचारलं.

"विहिरीजवळच्या जनावरांच्या डोणीतलं."

"आन तू?"

"त्याच विहिरीचं."

"जल्मापासून?"

"हूं," मी म्हटलं. या वेळी खरंखुरं.

"चल," त्या म्हणाल्या.

दिवस कलत आला होता. विहिरीवर बायांची गर्दी होती. आत्याबाई काठावर उभ्या राहिल्या आणि चक्क हुकूम सोडला, "दात दाखवा गं समद्या!" आमच्या गावाला असा हुकूम कुणी दिला नव्हता. पोरी आधी लाजल्या, मग एकेकीनं ओठ उघडले. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या सगळ्या रेघा मी पहिल्यांदाच एका ओळीत पाहिल्या. वर्षानुवर्षं लपवलेली एकच नक्षी, जणू एकाच साच्यातून काढलेल्या बाहुल्या. आत्याबाई प्रत्येकीला विचारत होत्या, कुठं जल्मलीस, कधीपासून हिरीचं पानी पितीस. आजोळी वाढून आलेली एक होती, तिचे दात धड होते. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, गिळलं नाही, थुंकलं.

तेवढ्यात खालच्या पायवाटेनं महारवाड्यातल्या बाया नदीकडून घागरी घेऊन निघाल्या. त्यांना आमच्या विहिरीला शिवायची मनाई होती. विहीर सरकारची, पण मनाई गावाची. त्यांची वाट विहिरीपासून वीस हात लांबून जायची. त्यांच्यात माझ्याच वयाची एक पोरगी होती. विहिरीवर एक परकी बाई सगळ्यांची तोंडं उघडायला लावतेय, हे पाहून तिला हसू आवरेना. ती हसली.

आत्याबाईंचा हात तसाच हवेत राहिला. मी त्या पोरीला रोज लांबून पाहत होते, पण तिचं हसू कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. तिचे दात असे होते, की त्या सगळ्या माळावर तेवढाच उजेड उरलाय असं वाटलं.

"पोरी," आत्याबाईंनी लांबूनच विचारलं, "तुमी पानी कुठलं पिता?"

"झिऱ्याचं, आईसाब," ती म्हणाली. "आमाला हिरीला कुठं शिवू देत्यात?"

तिनं ते सरळ सांगितलं. टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते इतकी वर्षं माझ्या कानात राहिला आहे.

पोहऱ्यांतून पाणी गळायचा आवाज येत राहिला. ज्यांना आम्ही पाण्यापासून लांब ठेवलं, त्यांच्याच पोरांचे दात वाचले होते, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं आणि प्रत्येकीनं ते कळलं नाही असं दाखवलं.

आत्याबाई मात्र वळल्या. घरी येऊन बाजेवर बसल्या, गूळपाणी मागितलं, मग "नगं, नुसता गूळ द्या" म्हणाल्या, आणि भावाला निकाल सांगितला.

"दादा, रोग रगतात न्हाई. पान्यात हाय. पोरगी आपण न्यायची. पानी हितंच ठिवायचं."

आबा ओसरीवरच बसले.

"पण ऐका, वहिनी," आत्याबाई मायला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता मऊ होता, म्हणून जास्त अवघड. "पयलं बाळंतपण माहेरी न्हाई हुनार. आमच्याकडंच. आन लेकराचे दुधाचे दात पडून नवे येईस्तवर त्याला हितलं थेंबभर पानी पाजायचं न्हाई. कबूल असंल तर कुंकू लावते."

बाळंतपण माहेरी, हा आईचा हक्क. त्या दोन-तीन महिन्यांसाठी बाया उरलेली सगळी वर्षं काढतात. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग होकाराची मान हलवली. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि उठता उठता मुलाचे वडील आबांना म्हणाले, "त्यो गोऱ्हाबी देऊन टाका. दोघं संगच येऊ द्या. त्याचंबी लगीन लावू म्हंतो मी."

अशा रीतीनं मी आणि गोऱ्हा एकाच वर्षी पाटोद्याकडं गेलो. लग्नात आत्याबाईंनी स्वतःच्या बोटानं माझ्या दातांना दातवण लावलं आणि कानात म्हणाल्या, "आता खरं लागलं." मी ते वर्षभर लावलं, मग सोडून दिलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. रेघांवरनं गर्दीत वळखू येतीस."

माझ्या गावानं काय केलं, म्हणाल? ऐकलं आणि विसरलं. झिऱ्याचं पाणी चांगलं म्हटलं की झिऱ्यावर जावं लागणार, आणि वाळू कोरडी पडली की कुणाच्या झिऱ्यावर जावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापेक्षा रेघा परवडल्या. डाळही लवकर शिजत होती. पुढं आबांची पाठ अशी आखडली की त्यांना मागं वळून पाहायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. वय झालं, म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली, सासरीच. ती सव्वा वर्षाची झाल्यावर चैत्रात मी तिला पहिल्यांदा माहेरी नेलं, आठ दिवसांच्या बोलीवर. गाडीत सासरच्या पाण्याच्या चार घागरी, तोंडाला फडकी बांधून. गाडीला जुपलेला एक बैल म्हणजे आमचा तोच गोऱ्हा. दोन दिवस नात मायच्या मांडीवरून खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे डोळा लागून पडलेले असताना गोऱ्ह्यानं दावं तोडलं, अंगणात आला, फडकी नाकानं बाजूला केली आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. शेजारी विहिरीच्या पाण्यानं डोण भरलेली होती, तिला त्यानं तोंड लावलं नाही. तोही आता पाटोद्याकडचा झाला होता.

"उद्या सकाळी निघावं लागंल, माय," मी म्हटलं.

मायनं पालथ्या घागरींकडं पाहिलं. मग नातीकडं. मग तिनं एक रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली आणि भर उन्हात, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, विहिरीच्या काठावरून न थांबता नदीकडं चालू लागली. मी मुलीला घेऊन मागं.

नदी नुसती वाळू झाली होती. पांढरी, हलणारी, डोळ्यांना पाण्यासारखी दिसणारी. एकच झिरा जिवंत होता, महारवाड्याचा. त्याच्याकडेला ती बसली होती, तेव्हाची ती हसणारी पोरगी, आता पाठीला लेकरू बांधलेली. मायला पाहून ती झटकन उठून मागं सरली. माय वीस हातांवर थांबली. बरोबर वीस. तेवढंच अंतर आम्ही त्यांना ठेवायला लावत होतो.

"आईसाब, वाट चुकलाव का?" तिनं विचारलं.

"न्हाई. नातीला पानी पायजे."

"हिरीला आटलं?"

"हिरीला लई हाय," माय म्हणाली. तिनं घागर वाळूत ठेवली. "पण तिला दात पायजेत. तुझ्यावानी."

ती बाई क्षणभर पाहत राहिली, मायकडं, मग माझ्या दातांकडं, मग माझ्या मुलीकडं. मग हसली. "घ्या की. पण बसावं लागंल. झिरा हळू भरतो."

मागं काठावरून पाटलीणबाईंचा आवाज आला, "अगं, तिथं कावून गेलीस? विटाळ हुईल की!"

माय वळलीसुद्धा नाही. "विटाळ धुतला की जातो, बाई," ती म्हणाली. "दाताचा डाग जात न्हाई."

आणि ती पुढं गेली. वीस हात चालायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. मला ती अजून चालतेय असंच कधीकधी वाटतं. झिऱ्यापाशी जाऊन ती वाळूत बसली. दोघींच्या मधे तो ओंजळीएवढा खड्डा, त्याच्या तळाशी बोटभर पाणी. करवंटीनं ते काढलं की वाळू ओली दिसायची, मग चकाकायची, मग कुठून कळायचं नाही असं पाणी वर यायचं. एक करवंटी, आणि मग वाट पाहायची. घागर भरायला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात त्या दोघी लेकरांच्या दातांविषयी बोलत होत्या, कुणाला कधी आला, कुणाला ताप आला, कुणी चावतं.

माय दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशीही.

मी आठच्या आठ दिवस राहिले.